रशीदभाईंचा एकच सवाल

दुकानदारीत एक गंमत आहे. माल विकला की कमी होतो, किस्सा सांगितला की वाढतो! लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत मी आयुष्यभर दुकान चालवलं. आधी वह्या-पेनं, मग झेरॉक्स, मग एसटीडी, मग सायबर कॅफे. शटर ओढलं तेव्हा माल सगळा निघून गेला होता, किस्से मात्र तसेच पडून. आता सकाळी फिरून आल्यावर मंडळी चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "शेठ, रशीदभाईंचा एखादा होऊन जाऊ द्या!" मी सांगतो, सगळे हसतात. पण त्यातला एक मी आजवर कुणालाच सांगितला नाही. कारण त्यात खोटं बोलणारा माणूस मी आहे, आणि त्या खोट्यापायी रशीदभाईंसारखा दोस्त मी स्वतःच्या हातानं लांब केला. आज तोही सांगून टाकतो. पण ओळीनं.

*

रशीदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान माझ्या बरोब्बर समोर. तीन पिढ्यांचं काम. आजोबा घड्याळजी, वडील घड्याळजी, हे रेडिओवाले. पुढं टीव्ही आला, टीव्ही शिकले. कॉम्प्युटर आला, तोही शिकले. शाळा आम्हा दोघांचीही सारखीच, म्हणजे अर्धवट!

त्यांची एक पद्धत होती. कुठलंही यंत्र समोर आलं की आधी स्क्रूड्रायव्हर नाही उचलायचा. आधी मालकाकडं बघायचं आणि विचारायचं, "कल क्या करे थे?"

माणूस म्हणायचा, "काही नाही."

रशीदभाई पुन्हा विचारायचे. तिसऱ्या वेळेला माणूस डोकं खाजवत म्हणायचा, "तसं काही नाही हो, जरासं पाणी सांडलं होतं."

"तो पैले बोलना था ना!"

आणि मग पाच मिनिटांत काम. मला म्हणायचे, "सेठ, मशीन कभी झूठ नै बोलती. झूठ बोलता मालिक."

*

आमच्या गल्लीत फिजिक्स शिकवणारे एक सर होते. वर्गात दोनशे पोरं, आवाज असा की खालच्या मजल्यावर माझी झेरॉक्स मशीन हलायची! एकदा स्वतःचा कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन आले. चालूच होईना.

"कल क्या करे थे, सर?"

"मी फिजिक्सचा माणूस आहे, रशीदभाई. मी काय करीन?"

"हौ, वो तो है. लेकिन कल क्या करे थे?"

सरांनी विद्युतदाब, रोध, असं बरंच सांगितलं. रशीदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी सर हळूच म्हणाले, "मागं एक लाल बटण होतं. ते कशाचं आहे ते बघितलं फक्त."

"तो पैले बोलना था ना!"

बटण ११५ व्होल्टवरून २३० वर आणून ठेवलं, आतला जळका भाग बदलला, कॉम्प्युटर चालू!

*

हा सवाल रशीदभाईंनी गाळला, असं मी तेव्हा एकदाच बघितलं.

भूकंप होऊन महिनाभर झाला असेल. आम्ही सगळे अजून अंगणात झोपत होतो. एक माणूस पोत्यात गुंडाळलेला रेडिओ घेऊन आला. रशीदभाईंनी पोतं सोडलं. आत माती आणि दगडाचा चुरा. त्यांनी माणसाकडं बघितलं, आणि काही न विचारता रेडिओ उघडून ब्रशनं साफ करायला लागले. दोन तास लागले. रेडिओ वाजला, माणूस बगलेत धरून निघून गेला.

मी म्हणालो, "रशीदभाई, आज सवाल विसरलात!"

"नै सेठ. जिसका घर गिर गया, उससे नै पूछते. बनाके देना, बस."

*

पुढं माझा सायबर कॅफे झाला. दहा मशीन. दर आठवड्याला पोरांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस! मी कंटाळलो. तेव्हा रशीदभाई कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली एक सीडी घेऊन आले. "ये लिनक्स है सेठ, विंडोज के बदले. फुकट है और बीमार नै पडता." फुकट म्हटल्यावर मी व्यापारी माणूस, नाही कसा म्हणणार?

पोरं विचारायची, "काका, हे बदक कशाचं हाय स्क्रीनवर?" मी म्हणायचो, "पेंग्विन हाय ते. बर्फातलं. म्हणून सर्दी होत न्हाई त्याला!"

मधे एक सर्व्हर ठेवला. त्याला नेटची दोन कार्डं. एका कार्डात बाहेरून आलेलं नेट शिरायचं, दुसऱ्यातून दहा मशीनला जायचं. रशीदभाईंनी रेडिओवाल्याच्या सवयीनं बाहेरच्या वायरीला लाल दोरा बांधला, आतल्या वायरीला हिरवा. मग माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, टिकली है क्या? एक लाल, एक हिरवी." आणि सर्व्हरच्या पाठीवर दोन भोकांवर दोन टिकल्या! लाल दोरा लाल टिकलीत, हिरवा हिरव्यात. "अब अंधा भी जोड लेगा," म्हणाले.

दुसरं काम म्हणजे मला तंबी. "ॲडमिशन के सीजन में इसकु हाथ नक्को लगाव, सेठ. चलते घोडे की नाल नै बदलते."

*

हात मात्र मी लावलाच. पहिल्यांदा दसऱ्याच्या सणात. खंडेनवमीला आमच्याकडं तराजू पुजायचे, आता तराजू कुठला? बायकोनं सर्व्हरची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू, उदबत्ती. दुसऱ्या दिवशी सर्व्हर घरघर करून बंद.

"कल क्या करे थे?"

मी म्हणालो, "काही न्हाई."

रशीदभाईंनी पंखा काढून माझ्या हातात दिला. पातं न् पातं पिवळं! "फिर इसकु हल्दी कौन लगाया? शादी है क्या इसकी?"

अख्खा कॅफे हसला. मीही हसलो. "पूजा केली होती हो!"

"तो पैले बोलना था ना!"

तेव्हा खरं बोलायला मला काहीच जड गेलं नाही. तसंच नेहमी जमलं असतं तर!

*

आता तो किस्सा.

मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे पसंतीचे फॉर्म ऑनलाइन झाले होते. सोमवारी पाच वाजता मुदत संपणार. मी दारावर फळा लावला होता, "येथे फॉर्म खात्रीने भरून मिळतील. आमचे नेट जात नाही." आणि आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दुकान बंद ठेवून हिशोबीपणानं विचार केला की उद्या गर्दी होणार, मशीन जरा वेगानं पळायला पाहिजे. सर्व्हरवर बरेच दिवस सूचना येत होती, नवी आवृत्ती आली आहे, अपग्रेड करायचं का? मी बटण दाबलं. तीन तास ते चाललं. शेवटी मशीन बंद होऊन पुन्हा उठली, स्क्रीनवर नवं झकास चित्र आलं. मी खूश होऊन शटर ओढलं. नेट चालतंय का, ते बघितलंच नाही!

सोमवारी सकाळी दहाच्या दहा मशीनवर नेट नाही. दारात रांग.

आता मी काय केलं, ऐका. रशीदभाईंना हाक मारायच्या आधी सर्व्हरवर ते जुनं पेंग्विनचं चित्र परत लावलं.

रशीदभाई आले. पहिलं वाक्य ठरलेलं. "कल क्या करे थे, सेठ?"

समोर तीस-चाळीस माणसं. दारावर माझा फळा. मी म्हणालो, "काही न्हाई. बंदच होतं दुकान."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. लोकांना तीन-तीनदा विचारणारा माणूस! माझा शब्द एकदाच ऐकला आणि धरून चालला. आत काही बदललं नाही म्हणजे बिघाड बाहेर. मॉडेम तपासला. फोनच्या ऑफिसात फोन लावला, ते म्हणाले, लाइन चांगली आहे. रशीदभाई त्यांच्याशी भांडले. शिडी लावून पत्र्यावर चढले, खांबापर्यंतची वायर हातानं चाचपत गेले. साठीचा माणूस, तापलेला पत्रा. वायर बदलली. काही नाही. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले.

मी खालून शिडी धरून उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर खाली उतरले असते.

जवळच्या मुरुडचे एक एसटी कंडक्टर रजा टाकून मुलीला घेऊन आले होते. मुलगी फाइल छातीशी धरून सकाळपासून उभी. दुसऱ्या कॅफेंच्या रांगा रस्त्यावर आलेल्या. साडेतीनला त्यांचा धीर सुटला. "चाचा, काय करायलात तुम्ही? माझ्या लेकीचं वरीस जातंय की हो! येत नसंल तर सांगा ना!"

फिजिक्सचे सर तिथंच होते. म्हणाले, "अहो, हे फुकटचं बसवायचंच कशाला? सगळं जग विंडोजवर, आणि ह्यांचं भलतंच!"

सगळी माणसं रशीदभाईंवर उलटली. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, हाताला पत्र्याचं कापलेलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

आणि मी म्हणालो, "सिस्टीम त्यांचीच हाय. मला काय कळतंय त्यातलं?"

रशीदभाई सर्व्हरपुढं बसले. काहीतरी टाइप केलं. मशीन स्वतःची डायरी लिहीत असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्क्रीनवर ओळीच्या ओळी सरकल्या आणि रविवारवर येऊन थांबल्या. दुपारची वेळ. माझं बटण. सगळं लिहिलेलं!

त्यांनी एकदा ते वाचलं. मागं कंडक्टर उभे होते, सर उभे होते. रशीदभाईंनी हात लांब करून मॉनिटर बंद केला. मग वाकून पाठीमागच्या दोन वायरी काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. लाल दोरा हिरव्या टिकलीत, हिरवा लाल टिकलीत. अपग्रेडनं दोन कार्डांची नावं आपसात बदलून टाकली होती, एवढंच झालं होतं. मशीन बाहेरचं नेट आतल्या भोकात शोधत बसली होती.

"नेट आलं!" पोरं ओरडली. चार वाजून पाच मिनिटं.

कंडक्टरच्या मुलीचा फॉर्म पहिला भरला. पाचच्या आत सगळ्यांचे भरले. कंडक्टर जाताना माझे हात धरून म्हणाले, "मालक, लई उपकार झाले तुमचे!"

मी मान हलवली. रशीदभाई तोवर निघून गेले होते.

*

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं पेढे घेऊन गेलो.

"कायको?" त्यांनी विचारलं.

सांगायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. मी म्हणालो, "सगळ्यांचे फॉर्म भरले गेले म्हणून."

"अच्छा," म्हणाले. एक पेढा उचलला.

*

पंधरा दिवसांनी प्रिंटर अडकला. हाक मारली, आले. मी उत्तर तयार ठेवून उभा होतो. ह्या वेळी खरं सांगणार होतो, कागद उलटा घातला होता म्हणून. रशीदभाईंनी माझ्याकडं न बघता प्रिंटर उघडला.

माझ्याच्यानं राहवेना. "रशीदभाई, विचारा की! काल काय केलं होतं?"

"नै सेठ. बनाके देता मैं, बस."

त्यानंतर कितीतरी वर्षं ते येत राहिले. कधी उशीर नाही, कधी नकार नाही. फिजिक्सच्या सरांना विचारायचे, पोराटोरांना विचारायचे. मला कधी नाही. सर्व्हरच्या पाठीवर लाल दोरा हिरव्या टिकलीतच राहिला. सांगितलं असतं तर त्यांनी टिकल्या बदलून दिल्या असत्या. मी सांगितलं नाही.

मग त्यांची नजर कमी झाली. दुकान विकून ते नांदेडला लेकीकडं राहायला गेले. मी एसटी स्टँडवर सोडायला गेलो होतो. तिथंही बोललो नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "सेठ, घर का नेट गया. आते क्या?"

मी हसलो. "रशीदभाई, नांदेडात माणसं न्हाईत का? लातूरहून येऊ?"

"माणसं हैं. मेरेकु तुमकुच बुलाना है."

सकाळची गाडी धरली. लेक-जावई दोघंही उमरीला मास्तर, ते शाळेत गेलेले. रशीदभाई खुर्चीत एकटे बसलेले, जाड चष्मा, समोर कपबशी. भिंतीवर राउटर. मी चष्मा लावून बघितलं. दोन वायरी, एकीला लाल दोरा, एकीला हिरवा. भोकांवर दोन टिकल्या.

लाल दोरा हिरव्या टिकलीत होता.

राउटरवर बोटभर धूळ. फक्त त्या दोन भोकांपाशी पुसलेली.

मी वळून त्यांच्याकडं बघितलं. ते बशीत चहा ओतत होते. मी विचारलं, "रशीदभाई, कल क्या करे थे?"

"कुछ नै." त्यांनी एक घोट घेतला. "और तुम, सेठ? तुम कल क्या करे थे?"

मी लाल दोऱ्याची वायर हिरव्या टिकलीतून ओढून काढली.

"अपग्रेड," मी म्हणालो. "रविवारी दुपारी. मीच."

रशीदभाईंनी बशी खाली ठेवली.

"तो पैले बोलना था ना!"