आधी विचारू, सोडलं कुणाला

फौजेतून पेन्शनीत आल्यावर, १९७३ साली, मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात गेटवर बसू लागलो. जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की विणकर हाफिजभाई पेपर घेऊन माझ्याकडे येत. नवा शब्द दिसला की त्याचा पिच्छा पुरवल्याशिवाय त्यांना डबा गोड लागत नसे.

"हवालदारसाब, वंशसंहार म्हंजे लई मोठी कत्तल, व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो. पूर्वी मलाही तसंच वाटायचं.

एकाहत्तरचा डिसेंबर. आमची कंपनी पूर्व पाकिस्तानात शिरली होती. रेडिओ सेट माझ्याकडे. सकाळी ०९४० ला नदीकाठच्या एका गावात पोहोचलो. शत्रू आदल्या दिवशीच निघून गेला होता. शाळेमागे प्रेतं होती. मी मेसेज पॅड काढलं.

"साहेब, किती लिहू?"

कॅप्टनसाहेबांना बंगाली येत होती. ते म्हणाले, "आकडा नंतर. आधी विचारू, सोडलं कुणाला."

प्रश्न मला चमत्कारिक वाटला. एका म्हाताऱ्या नावाड्याने उत्तर दिलं, ते साहेबांनी मला सांगितलं. पाकिस्तानी सैनिकांनी प्रत्येकाला नाव विचारलं, नावावरून धर्म ओळखला. एका धर्माचे तेवढे मारले, बाकीचे घरी पाठवले.

"नुसत्या आकड्याने जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार, होत नाही," साहेब मला म्हणाले. "एखादा समाजच उरू नये म्हणून माणसं मारली, तर तो शब्द लागतो. ते कोर्ट ठरवेल. तू ऐकलेलं तेवढं पाठव."

पाठवलं. उत्तर आलं, "रॉजर. मूव्ह ॲट इलेव्हन हंड्रेड." म्हणजे मेसेज मिळाला, अकराला पुढे निघा.

नावाडी एकीकडे मेलेल्यांची नावं घेत होता. आमचा लान्स नायक दत्तू, मोहोळचा, पुढे आला. "सायेब, लिवून घिऊ का? कुनीतरी लिवाय पायजे की."

"दहा मिनिटं."

रेडिओवर मेसेज परत वाचून दाखवायची आमची पद्धत. दत्तूने तसं एकेक नाव म्हाताऱ्याला परत वाचून दाखवलं. सत्तावीस नावं.

१२२० ला पुढच्या पुलाजवळ मोर्टारचा गोळा पडला. दत्तू जागीच गेला. नावांची वही त्याच्या खिशात होती. तिचं काही उरलं नाही.

हाफिजभाईंनी पेपरची घडी घातली. "येखादं तरी नाव ध्यानात हाय?"

दत्तू नावं वाचत होता तेव्हा मी दहा पावलांवर हेडफोन लावून बसलो होतो, एकही ऐकलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

"न्हाय," मी म्हणालो. "दत्तूचं तेवढं हाय."