गडहिंग्लजला फुटबॉल बघायला जायचं असेल तर

लेकीचा फोन आला, "आई, तू ये आणि ऋतुजाला सांग." मी म्हटलं, "फोनवर सांगते, फोन दे तिला." तर म्हणाली, फोनवर चालणार नाही, तिनं अट घातली आहे.

ऋतुजा म्हणजे माझी नात, वंदनाची मुलगी. गडहिंग्लजला हायस्कूलमध्ये दहावीत आहे आणि शाळेच्या मुलींच्या संघात फुटबॉल खेळते. तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या प्रकाशरावांना, ते आता बंद करून हवं होतं. दहावी आहे, गुडघा एकदा सुजला होता, वगैरे. बापलेकीचं महिनाभर भांडण चाललं. शेवटी पोरगी म्हणाली, "आजीनं एक मॅच बघावी. बघून ती म्हणाली सोड, तर मी सोडतो." तिकडच्या मुली 'मी सोडतो, मी जातो' असंच बोलतात, दचकू नये.

आता आजीच का? तर मी तोंडावर खरं बोलते, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कौतुकानं म्हणत नाहीत. प्रकाशरावांनी अट लगेच मान्य केली, कारण माझं मत त्यांना ठाऊक होतं. माझंही मत ठरलेलंच होतं. बंद. मॅच बघायची ती फक्त अट पुरी करायला.

तर शुक्रवारी कर्वेनगरहून रिक्षानं स्वारगेट. रिक्षावाला म्हणाला, "आजी, एकट्याच?" मी म्हटलं, "तुम्ही येताय का?" त्यांनी मीटर टाकलं.

कोल्हापूरच्या गाड्या भरपूर असतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडली की तिकीटच नाही. मला अजून थोडी वर्षं आहेत. घाई नाही. उजव्या बाजूला बसू नका, दुपारनंतर ऊन त्या बाजूनं येतं. गाडी साताऱ्याच्या पुढं एका हॉटेलवर थांबते, तिथं वडा खाऊ नये. मी खाल्ला, म्हणून सांगते. घरून पोळीभाजी न्यावी. रस्त्याचं काम चालू आहे. कधी संपणार, असं मी कंडक्टरना विचारलं. ते म्हणाले, "मी रिटायर होईपर्यंत तरी नाही." वयानं बरेच लहान दिसत होते.

कोल्हापूरला उतरून त्याच स्टँडवर गडहिंग्लजची गाडी धरायची. ही गाडी लहान, गर्दी मोठी. दोन तास लागतील धरून चाला. ऊस भरलेले ट्रॅक्टर पुढं असले की गाडी त्यांच्या मागं मागं जाते, लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखी. गाव जवळ आलं की मिरचीचा ठसका नाकाला कळतो. मला गावात शिरताना तीन शिंका आल्या. शेजारची बाई म्हणाली, "पाव्हण्या दिसताय." 

स्टँडवर प्रकाशराव स्कूटर घेऊन आले होते. पिशवी उचलता उचलताच म्हणाले, "आई, तुम्ही आलात, बरं झालं. उद्या संपलं एकदाचं." ते शाळामास्तर आहेत. दुसऱ्या शाळेत शिकवतात, पण गावातली कुठलीही समिती असो, त्यात असतात. मॅच ज्या स्पर्धेतली, तिच्या समितीतही होते. मुलीचा फुटबॉल बंद करायचा आणि गावाचा फुटबॉल चालू ठेवायचा, असं त्यांचं दोन्हीकडून काम चाललेलं.

घरात ऋतुजा ताटावर बसलेली. मला बघून उठली, वाकून नमस्कार केला, "आजी, आलीस," म्हणाली, आणि संपलं. ही मुलगी बोलतच नाही. विचारलं तर मान हलवते. भाकरी वाढू का म्हटलं तरी आधी विचार करते. माझ्या मनात आलं, ही मैदानात काय दिवे लावणार?

शनिवारी दुपारी फायनल. आता मैदानाचं सांगते, म्हणजे कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल.

स्टेडियम म्हणतात, पण हायस्कूलचं मैदान आहे. गवत नाही. लाल माती, तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, बाकी तीन बाजूंना लोकांनी आपापली सोय केलेली. कंपाउंडच्या भिंतीवर माणसं, पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बायका वाळवणासकट, रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीत अख्खं कुटुंब. एका घरानं गच्चीवर कॉट चढवली होती, तिच्यावर त्यांचे आजोबा आडवे. बसायला वर्तमानपत्र न्या, पायऱ्या तापतात. डाव्या टोकाला कडुलिंब आहे, त्याच्याखाली बसा, पण तासभर आधी गेलात तरच. भडंग आणि उकडलेल्या शेंगा दारातच मिळतात, दहा-वीस रुपयांत दोघींना पुरतात. चहा गोड असतो. बायकांच्या सोयीची किल्ली शाळेतल्या शिपाईबाईंकडे असते, त्यांच्याशी आधीच ओळख करून ठेवा. 

आणि माईक. माईकवाल्याचं तोंड क्षणभर मिटत नाही. कुणाची गाडी दारात आडवी लागली आहे, कुणाचा नातू हरवला आहे, कुणी आईस्क्रीमची कांडी मैदानात टाकली आहे, सगळं सांगतो. मधूनमधून फुटबॉल.

मी कडुलिंबाखाली बसले. शेजारी एक बाई होत्या, हिरवं लुगडं, मांडीवर शेंगांची पिशवी. त्यांची मुलगी आमच्या संघात गोलकीपर. त्यांनी मला शेंगा दिल्या आणि विचारलं, "तुमचं कोण?"

"नात. ऋतुजा."

"आगं बया! मागं थांबती ती? लई वरडती ती."

मी म्हटलं, दुसरी कुणीतरी असेल.

दोन्ही संघ येऊन उभे राहिले. आपल्या मुली पिवळ्या शर्टात, आजऱ्याच्या निळ्या. पंच शिट्टी तोंडात धरून उभे. पण सुरू होईना. इथं सत्कार झाल्याशिवाय चेंडू हलत नाही. प्रमुख पाहुण्यांना नारळ, शाल, फेटा, मग पाहुणे खेळाडूंशी हात मिळवणार, मग शिट्टी. आणि पाहुणे आलेच नव्हते. फोन लागत नव्हता. मुली उन्हात उभ्या. मी म्हटलं, "पाहुण्याशिवाय खेळा की." बाई म्हणाल्या, "तसं कसं चालंल ओ?" मी देवाशिवाय आरती म्हणायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "आजच्या सामन्याच्या प्रमुख पाहुण्या म्हणून आपल्याला लाभलेल्या हायेत खास पुण्याहून आलेल्या..." आणि पुढं माझं नाव.

समोर मांडवात बघितलं तर प्रकाशराव माईकवाल्याच्या कानाशी उभे. त्यांनीच सुचवलं होतं. सासू पुण्याची आहे, हे त्यांना चारचौघांत सांगायचंच असतं, आज संधी मिळाली. मी चौथी शिकलेली. जन्मात फुटबॉलला हात लावलेला नाही. माईकवाल्यानं मला 'पुण्यातल्या ज्येष्ठ क्रीडाप्रेमी' करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याहून आलंय म्हटल्यावर कशालाही वाजवल्या असत्या.

गेले. शाल घातली, नारळ दिला. फेटा मी नको म्हटलं. मग रांगेतून हात मिळवत निघाले. मुलींचे हात मातीनं खरखरीत, घामानं ओले. ऋतुजाशी हात मिळवला तेव्हा ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "नीट खेळ." ती म्हणाली, "हं."

मांडवात पाहुण्यांसाठी सोफा होता. पांढरं कापड घातलेला. तिथून दिसतात ती समोर उभ्या राहिलेल्या समितीच्या लोकांची ढुंगणं. स्पीकर कानाशी. मी नारळ उचलला आणि परत कडुलिंबाखाली आले. बाईंनी जागा धरून ठेवली होती. 

शिट्टी झाली आणि मैदानातून एक आवाज आला, "सायली, डावीकडं सर! आरं बघतीस काय, सर!" माईक नव्हता. ऋतुजा होती.

मी नंतर चेंडूकडे कमीच बघितलं. पोरगी मागं उभी राहून अख्खा संघ हाकत होती. तिच्यापेक्षा वीतभर उंच मुलीला म्हणाली, "पळायला आलीयास का फोटोला?" ती मुलगी पळाली. घरात भाकरीला मान हलवणारी हीच का, म्हणून मी चष्मा पुसून बघितलं. तीच. गच्चीवरचे आजोबा कॉटवर उठून बसले होते. माईकवाला सांगत होता, "मागं ऋतुजा हाय, भिऊ नका!"

एकदा रेघेवरच्या पंचांनी निशाण वर केलं, सगळे ओरडले. मी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, "आफसाईड. मला इचारू नका. पंचांस्नी तरी कळतंय का बघा."

अर्धी वेळ झाली, कुणाचाच गोल नाही. मी तरीही मनात म्हटलं, खेळते बरी, पण दहावी आहे. सांगायचं ते सांगायचं.

मग दुसऱ्या अर्ध्यात ते झालं. आजऱ्याच्या मुलीनं बाजूनं चेंडू जोरात आत मारला. ऋतुजानं तो बाहेर काढायला उजवा पाय घातला. चेंडू तिच्या नडगीला लागला आणि आपल्याच जाळ्यात. गोलकीपर बघतच राहिली.

शेंगा सोलणारे हात थांबले. माईकवाला पहिल्यांदाच अडखळला. मग म्हणाला, "गोल झालेला हाय. कुणी केला ते सगळ्यांनी बघितलं हाय, मी बोलत नाही." आणि भिंतीवरनं कुणीतरी ओरडलं, "ए ऋतुजा, कुठला गोल कुणाचा, पाटी लावू काय?" सगळे हसले. आजरेकर तर नाचत होते.

मांडवाकडे बघितलं. प्रकाशरावांनी डोक्याला हात लावला होता, पण चेहरा सुटका झाल्यासारखा. आता मला काही सांगावंही लागणार नव्हतं.

पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. थोडाच वेळ. मग जाळ्यात गेली, चेंडू स्वतः काढला, काखेत मारला आणि पळत नेऊन मधोमध ठेवला. वळली आणि ओरडली, "उभ्या काय राहिलायसा गं? एकच झालाय!"

आमच्या घराण्यात असलं कुणी केलेलं नाही. आमच्याकडे चूक झाली की माणूस दोन दिवस जेवत नाही आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याचं नाव घेतो. प्रकाशरावांनी चुकीची पाण्याची मोटर आणली, ती वरच्या टाकीत पाणी चढवत नाही. ते अजून म्हणतात, टाकीच उंच आहे. आणि ही एवढीशी मुलगी अख्ख्या गावासमोर तोंडघशी पडली, आणि दुसऱ्या मिनिटाला दुसरीला 'मान वर कर' म्हणून सांगत होती.

पुढं आजऱ्याची तीच मुलगी परत चेंडू घेऊन सुटली. ऋतुजाला दिसली नव्हती. मी काय केलं ते मला नंतर बाईंनी सांगितलं. उभी राहिले म्हणे, शाल खाली, आणि "ऋतुजा, मागं! मागं बघ, मेले!" नारळ मांडीवरून सुटला तो पायऱ्या उतरत पार फक्कीच्या रेघेपर्यंत. ऋतुजा वळली, चेंडू काढला. माईकवाला म्हणाला, "प्रमुख पाहुण्यांचा नारळ मैदानात आलेला हाय, कुणीतरी उचला."

हरलो. एक-शून्य.

बक्षीस मीच द्यायचं होतं. आजऱ्याला मोठी ढाल, आपल्याला लहान. ऋतुजा कप्तान, ढाल घ्यायला समोर आली. नडगी सोललेली, तोंडावर माती. ढालीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. प्रकाशराव माझ्या मागं उभे. माईकवाल्यानं माईक माझ्या तोंडाशी आणला, "पाहुण्यांनी दोन शब्द."

मी म्हटलं, "ह्या मुलीनं आज चूक केली. तुम्ही बघितली, मीही बघितली. उजवा पाय कच्चा आहे. पुढच्या वर्षी मी परत येणार आहे, तेव्हा तो पक्का झालेला दिसला पाहिजे. दहावीत नापास झाली तर मात्र येणार नाही. बसा."

कुणी बसलेलं नव्हतंच. टाळ्या काल-परवाच्या पाहुण्यांपेक्षा जास्त पडल्या, असं शिपाईबाई म्हणाल्या. ऋतुजानं ढाल घेतली आणि "हं" म्हणाली. हा दुसरा 'हं' पहिल्यापेक्षा बरा होता.

स्कूटरवरून घरी जाताना प्रकाशराव म्हणाले, "आई, तुम्ही तिला सांगायला आला होतात."

"सांगितलं की. माईक तुम्हीच दिलात."

वंदनानं रात्री तांबडा रस्सा केला होता. ऋतुजानं विचार न करता तीन भाकऱ्या खाल्ल्या. प्रकाशरावांनी वाटी पुढं केली आणि रस्सा मागतात तसं म्हणाले, "उजव्या पायासाठी भिंतीवर चेंडू मारायची सवय करावी म्हणतात." कोण म्हणतं ते सांगितलं नाही.

रविवारी परत. येताना किलोभर मिरची आणली, गाडीत पिशवी पायाशी ठेवू नका, पुढचे दोघे कराडपर्यंत शिंकत होते.

आता घरी येऊन चार दिवस झाले. शाल जाड आहे, थंडीत चालेल. नारळ फोडला, खवट निघाला. सत्काराचे नारळ एका पाहुण्याकडून दुसऱ्याकडे फिरत असतात, हा बहुतेक माझ्याआधी बऱ्याच जणांचा सत्कार करून आला होता. जावं का, असं विचाराल तर जा. वडा खाऊ नका, कडुलिंबाखाली बसा, आणि कुणाला पुण्याहून आलो म्हणून सांगू नका.

घसा मात्र अजून बसलेला आहे. काल खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "अहो, आवाजाला काय झालं?"

मी म्हटलं, "प्रवासात गार वारं लागलं."

त्या माझा हा ब्लॉग वाचत नाहीत.