नवारीचा पट्टा

जुन्या खाटेची नवार उसवून मी आमच्या कुत्र्यासाठी, बिट्टूसाठी, पट्टा शिवला. गेल्या दिवाळीत फटाक्यांना घाबरून शेजारचा कुत्रा विकतचा पट्टा तोडून हायवेकडे पळाला, तो परतलाच नाही. तेव्हापासून माझा दुकानातल्या पट्ट्यांवर विश्वास नाही.

पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मी सगळा भार टाकून ओढून पाहिला.

"अगं, त्याला फिरवायचंय की विहिरीत सोडायचंय?" नवऱ्याने विचारलं.

जीव लावला की हात असेच चालतात. घातलेला टाका उसवेलसं वाटतं, म्हणून त्यावर दुसरा.

संध्याकाळी फिरायला निघालो, तर कोपऱ्यावर सुतळी बॉम्ब फुटला. बिट्टू कान टवकारून जागीच उभा राहिला. पट्ट्याला हिसका बसला, तो माझ्या बाजूने.