रोटाआधीची गोळी

शकुंतलामावशीचं नाव आधी लिहितो. मी जो काही आहे तो तिच्यामुळे. आणि तिच्याबद्दलचीच ही गोष्ट मी अकरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून असेल.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. धुळ्याकडच्या आमच्या गावातून बारावी झालो आणि बी.फार्म.साठी सुरतला, डिंडोलीला मावशीकडे आलो. एक खोली, वर माळा. माळा तिने मला दिला. खाली दाराच्या उजेडात बसून ती साड्यांना टिकल्या लावायची. दुपारी ऊन त्या टिकल्यांवर पडलं की छतावर ठिपके तरंगायचे, पाण्यात बसून वाचतोय असं वाटायचं. भिंतीपलीकडे कापडाच्या लूमचा आवाज, सतत, एका लयीत. त्याच लयीत ती कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी गुणगुणायची. माझं फार्माकॉलॉजीचं पुस्तक अजून आहे. प्रोजेस्टेरॉनच्या पानावर तिची एक गुलाबी टिकली चिकटलेली आहे. मी ती काढलेली नाही.

तो धडा मला फार आवडायचा. शरीर दर महिन्याला गर्भाशयात अस्तर तयार करतं. प्रोजेस्टेरॉन आहे तोवर ते टिकतं, कमी झालं की गळतं – तीच पाळी. नॉरएथिस्टेरॉनची गोळी त्या संप्रेरकाची जागा घेते. थांब, अजून थांब, असं सांगत राहते. आणि शरीर थांबतं. एवढ्याशा गोळीवर शरीर किती विश्वास ठेवतं, नाही?

पास झाल्यावर मी जवळच्याच एका मेडिकलवर लागलो. श्रावण आला. आमच्या खानदेशी वस्तीत कानबाई बसणार, म्हणजे रोट होणार – देवीच्या नैवेद्याचा स्वयंपाक. आणि रोटाचं पीठ, पुरण, पूजा – पाळी आलेल्या बाईने कशालाही हात लावायचा नाही. त्यामुळे आदल्या आठवड्यात काउंटरवर बायकांची एकच मागणी – पाळी लांबवायची गोळी. चिठ्ठी कुणाकडेच नसायची. आम्हीही मागायचो नाही.

त्या गर्दीत मावशी आली. चापूनचोपून नेसलेली, डोक्यावर पदर.

“हाऊ मना भाचा शे,” तिने शेजारणींना सांगितलं. “आमना घरमा पहिला शिकेल.” मग माझ्याकडे वळून, “दे रे डाक्टर, मालेबी एक पत्ता. मी बाजूले बसनू ते रोट कोन करी?”

बायका हसल्या. एक म्हणाली, “डाक्टरले फी दे मंग!”

मी गोळ्यांचा पत्ता काढला. तेव्हा तिने विचारलं – हळूच, पण विचारलं – “मना पाय सुजेल व्हता ना, कविताना टाइमले. काही व्हनार नही ना?”

इथे मी थांबतो. कारण मला माहीत होतं. मुलगी कविता झाली त्या बाळंतपणानंतर मावशीच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, रक्त पातळ करायच्या गोळ्या कितीतरी महिने चालल्या होत्या. अशा बाईला ही गोळी द्यायची नसते. मी ते परीक्षेत लिहिलं होतं – त्याच टिकलीच्या पानावरून. पण शेजारणी बघत होत्या. पहिला शिकलेला भाचा ‘डॉक्टरांना विचारावं लागेल’ असं कसं म्हणेल?

“काही होत नाही मावशी,” मी म्हणालो. “दिवसातून तीनदा घे.”

कानबाई थाटात बसली. नारळाला नथ, हिरवा खण. मावशी दिवसभर उभी, गात. सोमवारी विसर्जन झालं. मंगळवारी तिची डावी पोटरी दगडासारखी झाली. बुधवारी तिला श्वास लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, हार्मोनची कुठली गोळी चालू होती का? मावशीला तो शब्द कळला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं – शिकलेला मी होतो ना. मी म्हणालो, “नाही.”

एकच शब्द. उपचार झाले, ती वाचली. पण पाय कायमचा जड राहिला. आणि तिने स्वतःच कारण शोधलं. घरी आल्यावर म्हणाली, “मी कानबाईना संगे खोटं वागनू. पाळी रोकीसन रोट कयात. आईले राग उना.” मी तिच्या पायाला पट्टी गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो. पुढच्या श्रावणात तिने कानबाई जावेकडे दिली. त्यानंतर तिला गाताना मी ऐकलेलं नाही.

मी आता फार्मसी कॉलेजात शिकवतो. लैंगिक संप्रेरकांवरच्या औषधांचा धडा माझ्याकडेच असतो. गोळी देण्याआधी पाय कधी सुजला होता का ते विचारा, हे मी तीनतीनदा सांगतो. मुलांना वाटतं, सर फार काळजी घेतात.

गेल्या आठवड्यात कविताचा फोन आला. “दादा, लग्नाच्या दिवशीच माझी तारीख येतेय. एखादी गोळी सांग ना.” मी म्हणालो, आधी डॉक्टरांना भेट, आईच्या पायाचं सांग. ती हसली. “आईचं काय सांगू? ती तर म्हणते, देवीचा कोप.”

त्या दुपारी हे पत्र लिहून पाठवलं. मावशी चौथी शिकलेली, म्हणून अक्षर मोठं काढलं.

*मावशी,*

*कानबाई तुझ्यावर रागावली नव्हती. रोटाआधी तू घेतलीस त्या गोळीने तुझ्या पायात गाठ झाली. तुला ती चालणार नाही हे मला माहीत होतं. तू विचारलं होतंस. चार बायकांसमोर मोठेपणा मिरवायला मी ‘काही होत नाही’ म्हणालो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. मग अकरा वर्षं तू स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी ऐकत राहिलो.*

*हा कागद कविताच्या डॉक्टरांना दाखव. त्यांना हे माहीत असायला हवं.*

*तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. तू गायचीस ते बरोबर होतं.*

*भूषण*