झाकणाला चिकटलेल्या दोन गोगलगायी

मुलांनो, नव्वदच्या दशकात आम्ही उरणला राहत होतो. आजोबा न्हावा शेवा बंदरात नोकरीला होते. तुमची आई मुंबईत संशोधन करत होती, आणि तिच्या मोठाल्या गोगलगायी आमच्या मोरीत, झाकणाच्या टबात, कोबीची पानं खात होत्या.

तिचा प्रश्न तिने मला दह्यावरून समजावला होता. गोगलगायीच्या मेंदूत सेरोटोनिन हे रसायन साठवणाऱ्या दोन ठळक पेशी असतात. बाहेरचं तयार सेरोटोनिन त्या आत ओढून घेतात, म्हणजे आयतं दही घरात नेतात. पण नुसतं दूध, म्हणजे सेरोटोनिन ज्यापासून बनतं तो पदार्थ दिला, तर तोही आत नेऊन त्या स्वतः विरजण लावतात का? सेरोटोनिन खास उजेडात पिवळं चमकतं; म्हणून लावत असतील, तर त्या उजेडात त्या अधिक पिवळ्या दिसायला हव्यात. तसा उजेड असलेल्या सूक्ष्मदर्शकावर तिची पाळी महिन्यातून एकदाच येई. ही गोष्ट त्या पाळीच्या आदल्या दिवसाची.

संध्याकाळी आम्ही दोघी बाजारातून परतलो, तर शेजारच्या मावशी मोरीत उभ्या. त्या कोळीवाड्यातल्या. आमची चावी त्यांच्याकडेच असे.

"खुबं आनलंस नि कोरडंच ठेवलंस?" त्या मला म्हणाल्या. "मिठाच्या पान्यान टाकलंय. रातभर वाळू वकतील."

खुबे म्हणजे शिंपल्या, त्या आणल्या की मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, ही तिथली रीतच. गोगलगायीला मात्र मीठ म्हणजे मरण. टबात नुसता फेस होता. तुमची आई टबापाशी बसून एकेक शंख उलटून पाहू लागली.

"म्हंजे खायाचं नव्हतं?"

"नाही हो मावशी. तिला त्यांचा मेंदू बघायचा होता."

"यांना मेंदू हाय?" मावशींनी बाजूला ठेवलेलं झाकण उलटं केलं. "मंग या दोघींना जास्त असंल."

दोन गोगलगायी झाकणाला आतून चिकटून बसल्या होत्या, कोरड्या आणि धडधाकट. तुमची आई उठलीच. "पुरे झाल्या! एकीच्या मेंदूला तो पदार्थ देते, दुसरीच्या नाही."

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर मुंबईला, तिच्या प्रयोगशाळेत गेले. काम उरकायला संध्याकाळ झाली. तिने आधी मला बिनपदार्थाचा मेंदू दाखवला: काळोखात दोन फिकट पिवळे ठिपके. मग काच बदलली, स्वतः डोळा लावला आणि झटकन उठून उभी राहिली.

"काय गं?"

तिने मला खुर्चीवर बसवलं. या मेंदूतले ठिपके झेंडूसारखे पिवळेधमक होते.

"एकीवरून काही सिद्ध होत नाही, आई," ती म्हणाली, आणि मला बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. मग मी तिला सारलं. पलीकडच्या खोलीतल्या तिच्या सरांना हाक मारायचं आमच्या लक्षातच आलं नाही.