भाऊसाहेबांची पहिली पायरी

“तुम्ही व्हा पुढं, मी पिशव्या सांभाळतो.”

आमच्या ऑफिसची सहल दर हिवाळ्यात पांडवलेण्यांवर जायची आणि आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब पहिल्या पायरीपाशीच हे वाक्य म्हणायचे. मग रुमाल अंथरून बसायचे. आम्ही उतरून येईपर्यंत पिशव्या जागेवर असायच्या, चिवडा नसायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

वजन सव्वाशे किलोच्या पुढं, त्यात जुना मधुमेह. दोन हजार पाचच्या सुमारास जिना चढताना धाप लागू लागली. टू-डी एको काढला, तर हृदयाचं पंपिंग कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्या. वजन आणि साखर उतरली तर हृदयावरचा भारही उतरेल. भाऊसाहेबांनी तो रिपोर्ट लग्नाच्या पत्रिकेसारखा टेबलाटेबलावर फिरवला.

“एकदा लेणी बघायचीत रे,” मला म्हणाले. “वीस वर्षं तुमच्या पिशव्याच बघतोय.”

ऑपरेशनआधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं होतं. आता माझा गुन्हा सांगतो. लांबच्या रजेवर जाणाऱ्याला निरोपाची मिसळ द्यायची आमच्याकडं पद्धत होती आणि ते खातं माझ्याकडं. चार दिवस आधी मी ती मागवली.

“मला पातळच सांगितलंय,” भाऊसाहेब कुरकुरले.

“रस्सा काय घट्ट असतो का?”

हे वैद्यकीय मत त्यांना लगेच पटलं.

साखर भलतीच चढली आणि ऑपरेशन दीड महिना पुढं गेलं. त्या दीड महिन्यात एकदा धाप इतकी वाढली, की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. मी कॉटशेजारी उभा होतो. वहिनी विचारत होत्या, “तेव्हा कुणी खायला घातलं ह्यांना?”

भाऊसाहेबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. “एक लग्न होतं,” म्हणाले आणि मास्क परत लावला.

मी सलाईनची बाटली न्याहाळू लागलो. आज लिहितानाही लाज वाटते.

पुढं ऑपरेशन नीट झालं. वर्षभरात इन्सुलिन सुटलं, चार पुडाचा डबा जाऊन वाटी आली, पँटी दोनदा आत घ्याव्या लागल्या. नव्या एकोत पंपिंग सुधारलेलं दिसलं. तोही रिपोर्ट टेबलाटेबलावर फिरला.

त्या हिवाळ्यात सगळे पुढं गेल्यावर मी त्यांना पहिल्या पायरीपाशी गाठलं. “भाऊसाहेब, ती मिसळ... वहिनींना मी सांगायला हवं होतं.”

“रस्सा तू दिलास. तिसरा पाव मी मागितला होता. चल.”

पिशव्या उचलून आम्ही निघालो. पण तोवर माझाच घेर वाढला होता. पंधराव्या पायरीवर मी कठडा धरून बसलो.

“तुम्ही व्हा पुढं,” मी म्हणालो. “मी पिशव्या सांभाळतो.”

ते चढू लागले. दहाएक पायऱ्यांवर थांबले, वळून माझ्या पोटाकडं बघितलं, परत खाली आले आणि चिवड्याची पिशवी तेवढी उचलून वर घेऊन गेले.