दोघांची वेगवेगळी तपासणी

थकलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना कुठली आणि किती मदत लागेल हे ठरवणारी नर्स आमच्या ऑफिसात होती. पाठीमागे आम्ही तिला भिंगबाई म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, असा माझा संशय आहे.

तिचा एक नियम होता: म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठायचं. नवरा शेजारी असला की बायकोची उत्तरं तोच देतो, आणि सून असली की सासू ताकास तूर लागू देत नाही. या नियमाने तिने कितीतरी लपवलेली दुखणी बाहेर काढली होती. आम्ही चहा पिऊन परत यायचो आणि ती खरं काय ते घेऊन यायची.

अशाच एका घरात एक रिटायर्ड कंपाउंडर आणि त्यांची बायको राहायचे. काकांची नजर जवळजवळ गेलेली आणि काकूंची आठवण. लांब राहणाऱ्या मुलीने अर्ज केला होता. सकाळी मदतीला एखादी बाई मिळाली तर दोघं आपल्या घरातच राहतील, एवढीच तिची मागणी. काकांनाही तेवढंच हवं होतं. आता दुसरीकडे जीव रमायचा नाही, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं.

भिंगबाई गेली तेव्हा चहा त्या दोघांनी मिळून केला. काका ओट्याजवळ स्टुलावर बसून सांगत होते, आता पाणी, आता साखर, आता गॅस बंद. काकू तसं करत होत्या. कप काकांच्या हातात देताना काकूंनी कपाचा कान कुठल्या बाजूला आहे ते सांगितलं. चहा झकास होता, हे भिंगबाईनेच मला सांगितलं.

मग तिने नियमाप्रमाणे काकांना गॅलरीत बसवलं आणि काकूंना पुन्हा चहा करायला सांगितला. काकूंनी भांडं ठेवलं, गॅस पेटवला आणि पाणी आटेपर्यंत त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर एकट्या काकांना गोळ्या काढायला लावल्या. ज्या हातांनी जन्मभर गावाला औषधं दिली, त्यांनी रक्तदाबाऐवजी झोपेची पट्टी उचलली. भिंगबाईने दोघांचे वेगवेगळे अहवाल केले आणि दोन्हींत एकटं राहणं धोक्याचं असल्याचं लिहिलं. गरज जितकी मोठी दिसेल तितकी मदत जास्त मिळेल, असा तिचा हिशेब होता. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

आमच्या साहेबांनी दोन्ही अहवाल वाचले आणि मदतीला बाई देणं नामंजूर केलं. इतक्या परावलंबी माणसांना घरात ठेवायचं कसं? काकूंना बायकांच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, काकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पुरुषांच्या. भिंगबाई साहेबांशी कडाकडा भांडली. साहेबांनी तिच्याच वाक्यांवर बोट ठेवलं. मला साहेबांचा राग आला, पण त्या वाक्यांत खोडण्यासारखं काही नव्हतं, आणि मला अजूनही तेच सलतं.

काही महिन्यांनी ती आधी काकूंना बघून आली. अंथरूण स्वच्छ, वेणी घातलेली, देखभाल चोख. पण भूक लागली की जेवायचं असतं हे काकू विसरल्या होत्या. तोंडात घातलेला घास तसाच राहायचा, म्हणून नाकात नळी घातली होती. मग ती काकांकडे गेली. मी तिच्याबरोबर होतो.

काकांनी आवाजावरून तिला ओळखलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुमचं काम चोख होतं," ते म्हणाले. "फक्त आमची परीक्षा एकत्र घ्यायला हवी होती. पास झालो असतो आम्ही."

मग काकांनी हळूच विचारलं, "ती जेवते ना हो? तिला घासाघासाला आठवण करून द्यावी लागते."

एवढ्या वर्षांत कुणाच्या तब्येतीबद्दल एक अक्षर खोटं न बोललेली ती बाई म्हणाली, "जेवतात की. पोटभर जेवतात."